ओळीतलं मधलं घर

...तर ओमप्रकाश मिस्त्रीनं करवत लावली, मयाल कापली, आणि शेजारच्या प्रयागबाईची छपरी कर्रकन आवाज करून एका बाजूला कलली, इथपर्यंत आपण काल आलो होतो. मग चहा आला आणि गोष्ट तिथंच राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. मागं गेल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

उमरेडच्या रस्त्यावर आमचं बोरगोंदी. मी आता सक्करदऱ्याला मुलाकडे असतो, पण दर आठ-पंधरा दिवसांनी बस धरतो आणि गावाला जाऊन येतो. बसमध्ये कंडक्टर गावाचं नाव घेत नाही. तो ओरडतो, "चला, ओळवाले उतरा!" ओळ म्हणजे आमच्या गावातली विणकरांची घरं. एकाला एक लागून, मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आणि सगळ्यांच्या पुढं एकच सलग छपरी. छपरी म्हणजे घरासमोरची उघडी पडवी. (हल्ली पोरं हा शब्द एकमेकांना चिडवायला वापरतात म्हणे. वापरोत बापडी. मी छपरीतच वाढलो.) या टोकाच्या घरातून निघालात की त्या टोकाच्या बसस्टॉपपर्यंत छपरीछपरीनं जावं. भर पावसात टोपी भिजत नाही, आणि मे महिन्यात नागपूरचं ऊन डोक्याला शिवत नाही.

ही छपरी सलग का, तर त्याचं कारण माग. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते. उभ्या सुताचा लांबच लांब ताणा खांबाखांबांना ताणून बांधायचा, कुंच्यानं त्यावर भाताची पेज फिरवायची आणि सावलीत वाळू द्यायचा. याला आम्ही पाजणी म्हणतो. एका घरापुढं ताणा मावेल कसा? म्हणून ज्यांनी ही ओळ बांधली त्यांनी ठरवलं की छपरीत कोणी भिंत घालायची नाही, दार लावायचं नाही, बाज आडवी टाकायची नाही. मी लहान असताना पाहिलंय, सकाळच्या उजेडात लाल ताणा आमच्या घरापासून थेट पिंपळापर्यंत गेलेला. गावात शिरणारा माणूस बैलगाडी थांबवून बघत उभा राही. मी आयुष्यात पुष्कळ पाहिलं. मेट्रोसुद्धा पाहिली, सीताबर्डीला डोक्यावरून जाते ती. पण तोंड उघडं राहावं असं त्या लाल ताण्याइतकं काही पाहिलं नाही.

भिंती म्हणाल तर हातभर जाडीच्या. आत गेलात की बाहेरचं ऊन विसरावं. दारं एवढी बुटकी की वाकल्याशिवाय कोणाचा आत प्रवेश नाही. एकदा एक उंच साहेब मोजमाप घ्यायला आले, त्यांनी प्रयागबाईच्या चौकटीवर असं काही कपाळ आपटलं की बिचारे मोजायचं सोडून छपरीत बसले. प्रयागबाईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "साहेब, आमच्या घरात येताना सगळेच नमस्कार करतात. तुमीच तेवढे राहिले होते." साहेबच हसत सुटले.

तर या ओळीच्या बरोबर मध्यावर सिंधूताईचं घर.

सिंधूताई उमरेडहून लग्न होऊन आली तेव्हा त्या घरात दोन खोल्या होत्या आणि त्यातली एक मागानं खाल्लेली. उरलेल्या खोलीत सासू, सासरे, दीर, चूल, धान्याची कोठी आणि नवी नवरी. तिनं कपडे बदलले ते लुगड्याच्या पडद्याआड, बाळंत झाली ती पडद्याआड, तापानं फणफणली तेव्हाही पडद्याआडच. नवरा गेला, तेव्हा मनासारखं रडायला जागा नव्हती म्हणून मागच्या वाडीत, म्हणजे परसात, जाऊन गाईच्या गळ्यात पडून रडली. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना हसली. म्हणाली, "भाऊ, गाय बिचकली नं! तिले वाटलं मी दूध काढाले आली."

म्हणून सिंधूताईचं एकच मागणं होतं. दार असलेली एक खोली. आतून कडी लागली पाहिजे. बाकी देवाकडं तिनं काही मागितल्याचं मी ऐकलं नाही.

तिचा मुलगा जितेंद्र सीताबर्डीच्या एका दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. रोज बसनं जातो-येतो. पोरगा सरळ. त्यानं ठरवलं, घर पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं. बरोबरच होतं त्याचं. वासे किडले होते, मागच्या बाजूनं पाणी येत होतं. ज्यांनी कधी गळक्या कवेलूंखाली भांडी मांडून रात्र काढली नाही, त्यांनी जुन्या घरांचे फोटो काढावेत आणि खुशाल राहू द्या म्हणावं! नव्या घराच्या नकाशात पुढं रस्त्याला लागून सून करिष्माचं शिलाईचं दुकान. करिष्माच्या हातचा ब्लाऊज घालायला उमरेडहून बाया येतात, आणि ती बिचारी चुलीशेजारी मशीन ठेवून शिवते. दुकानामागं स्वयंपाकघर आणि पोरांची खोली. आणि अगदी मागं, वाडीकडं खिडकी असलेली, दाराला कडी असलेली सिंधूताईची खोली.

आता चूक कुठं झाली ते ऐका. अशी चूक फक्त आमच्या ओळीतलेच लोक करू शकतात. घर पाडायचं म्हणजे छपरीही पाडायची, हे सिंधूताईच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या लेखी घर तिचं, पण छपरी ओळीची. रस्ता कोणी घरासोबत पाडतं का? आणि ओमप्रकाश मिस्त्री बाहेरगावचा. त्याच्या लेखी छपरीची जागा घराच्याच मालकीची, सातबारा नाही तर नकाशा बघा. त्यानं दुकान काढलं ते छपरीच्याच जागेवर. दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत होते, एकाच नकाशावर बोट ठेवत होते, आणि दोघांच्या डोळ्यांपुढं वेगवेगळी घरं होती.

सिंधूताई त्या दिवशी भांडीकुंडी प्रयागबाईकडं हलवत होती. मागं करवतीचा आवाज झाला. मयाल म्हणजे खांबांच्या डोक्यावरून जाणारं लांब लाकूड. ते एकच लाकूड हिच्या आणि प्रयागबाईच्या, दोघींच्या छपरीवरून गेलेलं. जुन्या लोकांनी अखंड सागाचं खोड घातलं होतं. कापल्यावर टोक अधांतरी राहिलं आणि प्रयागबाईची बाजू खाली आली. कवेलू घरंगळले. प्रयागबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मिस्त्री, तुमी घर कोणाचं पाडून राहिले? एकदा विचारून त घ्या!"

ओमप्रकाशनं घाईघाईनं लाकडी बल्लीचा टेकू लावून ती बाजू सावरली. संध्याकाळपर्यंत सिंधूताईची पुढची भिंत आणि छपरी दोन्ही जमीनदोस्त झाली. ओळीच्या मध्यात आभाळ दिसायला लागलं. दात पडल्यावर ओळखीच्या माणसाचा चेहरा कसा वेगळा दिसतो, तसं आमचं गाव दिसलं. मी त्या दिवशी तिथंच होतो. मलासुद्धा नुसतं विचित्र वाटलं, पुढं काय होणार ते सुचलं नाही. कोणालाच सुचलं नाही.

ते सकाळी कळलं.

ओळीच्या पहिल्या घरात माझा शाळासोबती गोपाळराव राहतो. आम्ही दोघं गावच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. नावाजलेला विणकर, पण काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. डोळे गेल्यापासून गोपाळरावचं जग म्हणजे ही छपरी. रोज सकाळी निघतो, हात भिंतीवर ठेवतो आणि ओळीच्या शेवटी बसस्टॉपच्या टपरीवर जाऊन चहा पितो. टपरीवाला त्याला पेपर वाचून दाखवतो, कंडक्टर नागपूरच्या बातम्या देतो. सोबत कोणी लागत नाही. काठीसुद्धा घेत नाही. भिंती त्याच्याशी बोलतात म्हणा ना. प्रयागबाईची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली, हाताला गार आणि पिठूळ. एका घराला कोनाडा, त्यात कोणाची तरी काडेपेटी असतेच. सिंधूताईच्या भिंतीला पोट आलेलं, आतल्या मागाच्या वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी. तिथं आला की तो भिंतीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "का वं सिंधू, भिंतीचं पोट वाढूनच राहिलं. कोणता महिना आहे?" आणि आतून सिंधूताई, "तुमचं तोंड बंद होईल त्या महिन्यात मोकळी होईल!" रोज हेच. दोघांनाही रोज नवीनच वाटायचं.

त्या सकाळी गोपाळराव निघाला. ढेपा, माती पडल्याचे आवाज त्यानं आदल्या दिवशी ऐकले होते, पण पुढची भिंत आणि छपरीही गेली हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो प्रयागबाईच्या भिंतीवरून हात सरकवत आला. भिंत संपली. त्यानं सवयीनं पुढचं पाऊल टाकायला घेतलं आणि हात पुढं केला, पोटवाल्या भिंतीसाठी.

हात हवेत गेला.

तो थांबला. हात थोडा वर केला, थोडा खाली. पुन्हा वर. काही नाही. समोर मी उभा, सिंधूताई उभी, मजूर उभे. त्याचा तो हात तसाच पुढं. मग तो हळूच म्हणाला, "सिंधू... कुठं गेली वं?"

त्यानं भिंतीबद्दल विचारलं की तिच्याबद्दल, मला अजून कळलं नाही.

सिंधूताई धावली. "थांबा गोपाळराव, पाय टाकू नका, खड्डा आहे. हात द्या, मी नेते तुमाले."

"नेते?" त्यानं हात मागं घेतला. "हात धरून नेतात लेकराले नाई त बैलाले. मी त बावा माझा चालतो." आणि वळला. जाता जाता एवढंच म्हणाला, "बांध वं, बांध. घर चांगलं झालं पायजे. मी चहा घरीच घेत जाईन आता."

रस्त्यानं का जात नाही, असं विचाराल. रस्ता सिमेंटचा झालाय, मोटारसायकली सुसाट, मध्ये उघडी नाली. एकदा नातवानं रस्त्यानं नेलं तर ट्रॅक्टरच्या भोंग्यानं गोपाळराव घाबरून तिथंच बसला. पुन्हा त्या वाटेला गेला नाही.

तर तो घरी बसला. टपरीवरचं त्याचं स्टूल रिकामं. मी भेटायला गेलो तर बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसलेला. म्हणाला, "काही नाई गा. बरं आहे. बस गेल्याचा आवाज येते इथूनबी." मला तिथं फार वेळ बसवेना.

आणि सिंधूताईला जेवण जाईना. प्रयागबाई सांगत होती, ती बाई नकाशा मांडीवर घेऊन बसते. वाचता येत नाही, पण रेघा तर दिसतात ना. एक दिवस तिनं मागाचा जुना सुती दोर काढला आणि मोकळ्या जागेत या खांबापासून त्या खांबापर्यंत कंबरेच्या उंचीवर ताणून बांधला. खालचा खड्डा मजुरांकडून भरून घेतला. आणि गोपाळरावच्या दारात जाऊन ओरडली, "ओ विणकर! ताणा बांधला आहे. तुटला का पाहून सांगा!"

गोपाळराव उठला. कामाचं बोलणं होतं, मदतीचं नव्हतं ना! दोरावर बोटं फिरवत तो पार गेला आणि त्या टोकावरून म्हणाला, "ढिल्ला बांधला. सासूनं काही शिकवलं नाई का वं तुले?" टपरीवर गेला, चहा प्यायला. मी तिथं होतो. त्यानं मला माझ्या चहाचेही पैसे देऊ दिले नाहीत.

पण दोर किती दिवस चालणार? पाया भरला की दुकानाची भिंत उठणार आणि दोराच्या जागी शटर येणार. ते सगळ्यांना दिसत होतं. म्हणून एका संध्याकाळी जितेंद्र कामावरून आल्यावर सिंधूताईनं सगळ्यांना विटांच्या ढिगावर बसवलं. ओमप्रकाशही होता. मला म्हणाली, "भाऊ, तुमीबी बसा, साक्षीले."

"छपरी जशी होती तशी झाली पायजे," ती म्हणाली.

ओमप्रकाशनं टोपी काढून डोकं खाजवलं. "माताजी, जागा उतनीच आहे. छपरी ठेवली त पूर्ण घर मागं सरकते. एक खोली कमी होते."

करिष्मा फटकळ. तिनं लगेच विचारलं, "म्हणजे माझं दुकान गेलं, असं सांगा नं सरळ! मी जन्मभर चुलीजवळ बसून शिवू का? म्हाताऱ्याले चहा पाह्यजे त मी रोज नेऊन देते घरी, थर्मासमध्ये!"

मला वाटलं आता पेटलं. पण सिंधूताईनं सुनेकडं रागानं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुझं दुकान काहून जाईन वं? दुकान मागं सरकन. स्वयंपाकघर मागं सरकन. शेवटची खोली राहीन नाई, एवढंच."

शेवटची खोली कोणाची, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. जितेंद्र उठला. "आई, नाई. ते नाई होणार. घर काढलं कोणासाठी?"

"राहाले काढलं. राहू नं सगळे."

"तू कुठं झोपशील?"

"पोराइच्या खोलीत. पडद्याची सवय आहे मले."

करिष्मा विटेच्या कडेवरची माती नखानं खरवडत बसली. मग उठली आणि ओमप्रकाशला म्हणाली, "मिस्त्री, दुकानाले छपरीतून दार देता येते का? गिऱ्हाइकाले सावलीत उभं राहाले होईन." एवढंच.

पुढं जे झालं ते पाहायला मी मुद्दाम जास्त दिवस गावातच राहिलो. मुलगा फोनवर विचारी, बाबा, तब्येत बरी आहे ना? मी म्हणे, तब्येत उत्तम आहे, घर उगवून राहिलं ते पाहतो आहे. स्लॅबच्या घराचं जोतं उंच घ्यावं लागलं, पण छपरीची जमीन शेजारच्यांच्या पातळीलाच ठेवली. घरात शिरायला आतून पायरी. पडलेले खांब जितेंद्रनं सुट्टीच्या दिवशी स्वतः घासून पुसून उभे केले. अख्खं सागाचं खोड आता कुठून आणणार? नवी मयाल जुन्या तुकड्याला खाचेत बसवून जोडली. बरेच कवेलू फुटले होते आणि नवे घडवणारा आता पंचक्रोशीत कोणी नाही. तर संध्याकाळी प्रयागबाई आपल्या वाडीतल्या ढिगातून पदरात भरून कवेलू घेऊन आली. तिच्यामागून पलीकडच्या घरची आली. मग दुसरी, तिसरी. कोणाचे लालभडक, कोणाचे काळवंडलेले, कोणाच्यावर शेवाळ. कोणी बोलावलं नव्हतं. ओमप्रकाश ढिगाकडं पाहत उभा राहिला आणि मला म्हणाला, "काका, इतनी जिंदगी झाली बांधता-बांधता. लोक विटा चोरून नेतात, हे पाह्यलं. आणून देतात हे आजच पाह्यलं."

आज तुम्ही बसमधून उतरलात तर मागचं स्लॅबचं घर तुमच्या लक्षातही येणार नाही. पुढून ओळ एकसंध दिसते. फक्त मधल्या घराचं छप्पर गोधडीसारखं, ठिगळाठिगळांचं. मला तर तेच सगळ्यांत देखणं वाटतं. मी त्या छपराकडं बघत उभा राहतो आणि खरं सांगतो, अंगावर काटा येतो. ज्या बाईनं जन्मभर एक दार मागितलं, तिनंच आपल्या हातानं ते काढून टाकलं आणि त्याच्या जागी सगळ्या गावासाठी एक उघडी वाट ठेवली.

पहिल्या दिवशी गोपाळराव आला तेव्हा ओळीतलं प्रत्येक माणूस काही ना काही काम काढून बाहेर बसलेलं. प्रयागबाईची भिंत संपली आणि त्याचा हात नव्या भिंतीला लागला. सिमेंटची, सपाट, कोरी. तो थबकला. तळहात पूर्ण टेकवला, वरून खाली फिरवला. मग त्यानं थाप मारली आणि म्हणाला, "पोट उतरवलं का वं? डॉक्टर कोणता केला?"

सिंधूताई दुकानाच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की काय, मला दिसलं नाही. गोपाळराव पुढं निघून गेला, चहाला.

तो गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. आत पोरांचा गोंधळ चालला होता, करिष्माचं मशीन चालू होतं, आणि पोरांच्या खोलीच्या कोपऱ्यात दोरीवर एक लुगडं आडवं टाकलेलं दिसत होतं. माझ्यानं राहवेना. म्हटलं, "सिंधूताई, सगळा जन्म त्या खोलीची वाट पाहिली. इतकं सोपं गेलं का सोडणं? मन भरलं का तुमचं?"

तिनं पदर खाली घेतला. माझ्याकडं पाहिलं. तिचे शब्द जसेच्या तसे सांगतो, एकही माझा नाही:

"मन कायचं भरते गा भाऊ. खोली मले अजूनबी पायजे. काल रात्री पोरानं लाथ मारली झोपेत, तवाबी आठवली. पण त्या दिवशी गोपाळरावचा हात हवेत राहिला नं, तसा रिकामा, तो मले दिसते. आत जाऊन कडी लावली असती तरी दिसलाच असता."